उभं राहण्याची घाई

हाड मोडलं की साधारण सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं आणि सगळे म्हणतात, चला, सुटलास एकदाचा. आत मात्र काम अर्ध्यावरच आलेलं असतं. मोडल्यावर तिथे आधी रक्त साकळतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या जागी कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात खनिजं भरत जाऊन तो कडक होतो. प्लास्टर निघतं ते या टप्प्यावर. त्यानंतर हाड स्वतःला घडवत राहतं. जिथे भार पडतो तिथे भरतं, जिथे पडत नाही तिथलं काढून टाकतं, आणि हे कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर चालतं. या काळात दोन तऱ्हांनी बिघडतं. पूर्ण भार लवकर टाकला तर जोड हलतो. भीतीपोटी टाकलाच नाही तर हाड कच्चं राहतं आणि स्नायू झिजतात. म्हणून डॉक्टर नुसतं ‘विश्रांती घ्या’ म्हणून थांबत नाहीत. कितव्या आठवड्यात किती वजन टाकायचं, कुबडी कधी सोडायची, तेही सांगतात.

नोकरी जाते, जोडीदार जातो, लग्न मोडतं, धंदा बुडतो, अंथरुणाला खिळवणारं आजारपण येतं, तेव्हा असं माप कोणी देत नाही. एक जण सांगतो, खंबीर हो, कामाला लाग. दुसरा सांगतो, काळ हेच औषध. पहिल्याचं ऐकलं तर भार लवकर पडतो, दुसऱ्याचं ऐकलं तर पडतच नाही. मला आज बोलायचंय ते या मापाबद्दल. वेळ घ्यायचा म्हणजे किती, त्या वेळात काय करायचं, आणि मदत घ्यायची म्हणजे कुणाकडून, कसली, कोणत्या शब्दांत मागून.

समुपदेशकाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘किती दिवस लागतील?’ प्रामाणिक उत्तर देताना एक आकडा देता येत नाही, पण वाटा सांगता येतात. जॉर्ज बोनानो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मृत्यू, आपत्ती, हल्ले अशा प्रसंगांनंतर माणसांचं पुढे काय होतं याचा अभ्यास केला आणि २००४ साली त्याची मांडणी केली. सर्वांत मोठा गट निघाला तो हादरूनही रोजचं जगणं बऱ्यापैकी चालू ठेवणाऱ्यांचा. काही जण बरेच महिने खाली जातात आणि हळूहळू वर येतात. थोड्यांचा त्रास मुक्काम ठोकतो. आणि काहींचा सुरुवातीला दिसत नाही, नंतर उफाळतो. म्हणजे पंधरा दिवसांत हसायला लागलेला माणूस दगडाच्या काळजाचा नसतो आणि आठ महिन्यांनीही रडणारा दुबळा नसतो.

धक्क्याच्या जातीनुसारही फरक पडतो. जर्मनीत हजारो माणसांना वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारणारं एक मोठं सर्वेक्षण आहे. त्यातल्या माहितीवरून रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की नोकरी गेलेल्यांचं समाधान सरासरीने पूर्वीच्या पातळीवर पूर्ण परतलं नाही, नवी नोकरी मिळाल्यावरही नाही. हे ऐकून निराश व्हायचं कारण नाही. सरासरी म्हणजे तुमचं भविष्य नव्हे. पण ‘नोकरीच तर गेली, माणूस थोडंच गेलंय’ असं म्हणणाऱ्याला हे जरूर ऐकवावं.

आता दुःखाच्या त्या प्रसिद्ध पाच पायऱ्या. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या नातेवाइकांवर आणि पुढे नोकरी गेलेल्यांवर, घटस्फोट झालेल्यांवर त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्यातून होणारा तोटा अगदी व्यवहारातला आहे. माणूस स्वतःची परीक्षा घेऊ लागतो. ‘मला अजून राग कसा आला नाही?’ किंवा ‘स्वीकार तर मार्चमध्येच झाला होता, मग आज पुन्हा का?’ ठरलेल्या क्रमाने दुःख चढत जातं याला भक्कम आधार सापडलेला नाही.

त्यापेक्षा कामाची मांडणी नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांची आहे, १९९९ सालची. त्यांचं म्हणणं, माणूस दोन तीरांमध्ये ये-जा करतो. एका तीरावर गेलेल्याचं दुःख असतं, फोटो, आठवणी, रडू. दुसऱ्या तीरावर नव्याने अंगावर पडलेली कामं असतात, बँकेचे कागद, मुलांची शाळा, रिकाम्या संध्याकाळी. ही ये-जा हेच सावरणं. दुःखापासून तासभर सुट्टी घेणं हा त्याचाच भाग आहे. जो एकाच तीरावर अडकतो, मग तो कोणताही असो, त्याचं बिघडतं. दिवसभर आठवणीत बुडालेला माणूस आपल्याला लगेच दिसतो. पदर खोचून सतत कामात असलेली बाई मात्र कौतुकाचा विषय होते, आणि तिचं अडकणं कोणाच्या लक्षात येत नाही.

तर पहिल्या काही आठवड्यांत नेमकं काय करायचं?

झोपेपासून सुरुवात करू, कारण ती गेली की बाकीचं सगळं दुप्पट कठीण होतं. उठण्याची वेळ पक्की करायची, झोपायची नाही. रात्री कितीही वाजता डोळा लागला तरी सकाळी त्याच वेळेला उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. अंथरुणात अंदाजे वीस मिनिटं टक्क जाग असेल तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघत वीस मिनिटं मोजायची नाहीत, ते बघण्यानेच झोप जाते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली ही पद्धत मांडली, आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही पहिल्या फळीत आहे. तिच्यामागचा विचार साधा आहे, अंथरुणाचा आणि काळजीचा संबंध तोडायचा. दारूचा घोट घेऊन झोप लवकर लागते हे खरं, पण ती उतरू लागली की रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटक होते, आणि पहाटे तीनला जागा झालेला माणूस आधीपेक्षा हताश असतो.

दुसरी गोष्ट निर्णयांची. घर विकणं, गाव सोडणं, सगळी शिल्लक एका ठिकाणी गुंतवणं, नवं लग्न, जुन्या माणसाशी कायमचं तोडणं. हे सगळं पुढे ढकलता येतं का ते आधी बघायचं. ‘वर्षभर कोणताही मोठा निर्णय घेऊ नये’ असा एक सल्ला सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही. घराचा हप्ता थकत असेल तर वर्षभर थांबणं म्हणजे घर घालवणं. कसोटी वेगळी हवी: हा निर्णय नंतर फिरवता येईल का, आणि थांबल्याने नेमकं किती नुकसान होईल? फिरवता येत नाही आणि थांबून फारसं बिघडत नाही, तो बिनदिक्कत ढकला. फिरवता येत नाही आणि थांबताही येत नाही, तो एकट्याने घेऊ नका. ज्याला त्यातून काही मिळणार नाही अशा एका माणसाला शेजारी बसवा.

कागदांचं काय करायचं हे जरा जवळून बघू, कारण भल्याभल्यांचा धीर सुटतो तो इथे. घरात एक खण असतो, त्यात न उघडलेली पाकिटं साठत जातात. माणूस आळशी नसतो. पाकीट हातात घेतो, आत काय असेल या विचाराने पोटात गोळा येतो, पाकीट परत खणात. त्या क्षणी हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यानेच पुढच्या वेळी पाकीट अधिक जड होतं. शिवाय डोकं नेहमीसारखं चालत नसतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना पीक हाती येण्याआधी आणि नंतर त्याच पद्धतीच्या बौद्धिक चाचण्या दिल्या. तीच माणसं पैशाच्या ओढाताणीच्या दिवसांत मागे पडली आणि पैसे आल्यावर पुढे गेली. विवंचना बुद्धीची जागा अडवून बसते.

म्हणून हे काम दोघांनी करायचं, आणि पंचवीस मिनिटांच्या वर नाही. दुसऱ्या माणसाने पाकीट फोडायचं आणि फक्त तीन गोष्टी मोठ्याने वाचायच्या: कोणाकडून आलंय, त्यांना काय हवंय, कधीपर्यंत. तेच पाकिटावर पेन्सिलीने लिहायचं. मग टेबलावर तीन ढीग. तारीख असलेले, तारीख नसलेले, आणि तुमच्याशिवाय दुसराही कोणी करू शकेल असे. त्या बैठकीत एकाही पत्राला उत्तर द्यायचं नाही. इथेच गाडी घसरते. मदतीला आलेला माणूस उत्साहाने म्हणतो, ‘हे आत्ताच फोन करून मिटवू,’ तो फोन पाऊण तास चालतो, वाद होतो, आणि पुढच्या बैठकीला ज्याचे कागद आहेत तोच टाळाटाळ करतो. उत्तरं दुसऱ्या दिवशी द्यायची, तारखेच्या ढिगातलं सगळ्यात वरचं एक.

आता ताकदीचं माप. सावरणाऱ्या माणसाचे दिवस सारखे नसतात. एखाद्या दिवशी बरं वाटतं, तो सहा तास काम उपसतो, आणि पुढचे तीन दिवस आडवा. मग त्याला वाटतं की आपण मागे चाललोय. खरं तर तो भार टाकण्यात चुकतोय. उपाय वहीतला आहे. सात दिवस रोज किती वेळ काम जमलं ते लिहा, वाईट दिवसाचंही. समजा आकडे निघाले ६०, २०, ०, ९०, ३०, ०, ८० मिनिटं. एकूण २८०, सरासरी ४०. त्यातून पाचवा हिस्सा वजा करा, राहिली ३२ मिनिटं. पुढचे दोन आठवडे रोज साधारण अर्धा तासच काम, बरं वाटलं तरी तेवढंच. हे ‘बरं वाटलं तरी’ सगळ्यात कठीण असतं. त्यानंतर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढवत जा. हे आकडे ढोबळ आहेत, मुद्दा असा की काम किती करायचं हे त्या सकाळच्या मनःस्थितीवर सोडायचं नाही. एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. ज्या आजारपणात थोड्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी लक्षणं उसळतात, तिथे अशी ठरावीक वाढ घातक ठरू शकते. दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार देऊ नये असं सांगितलं. तिथे वाढ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आणि काम आधी, मन नंतर. ‘उभारी आली की बाहेर पडेन’ असं म्हणणाऱ्याची उभारी बहुधा येत नाही. नैराश्यावरच्या एका चांगल्या तपासलेल्या उपचारात क्रम उलटा असतो. लहान काम ठरलेल्या वेळेला करायचं, मन मागून येतं. लहान म्हणजे खरोखर लहान. ‘घर आवरणं’ हे काम नव्हे, ‘खुर्चीवरचे कपडे कपाटात ठेवणं’ हे काम.

आता मदतीकडे वळू. आपल्या भाषेत यासाठी एक अचूक शब्द आहे, मिंधेपणा. मदत घ्यायला माणूस का कचरतो हे त्या एका शब्दात येतं. घेतलं की मान खाली जाते, उद्या ऐकून घ्यावं लागतं. ही भीती खोटी नाही. काही लोक उपकार वसूल करतातच, आणि अशांची नावं तुम्हाला पाठ असतात. त्यांच्याकडे मागू नका, एवढंच. पण बाकीच्यांबद्दलचा आपला अंदाज चुकतो. फ्रान्सिस फ्लिन आणि त्यांच्या सहकारी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून घ्यायला सांगितल्या. आधी त्यांचा अंदाज घेतला. त्यांना वाटलं, पाच होकार मिळवायला साधारण वीस जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात दहाच्या आसपास लोकांत काम झालं. मागणाऱ्याला नकार जवळचा वाटतो, कारण समोर उभ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं हे तो विसरतो.

मग एवढे लोक ‘काही लागलं तर सांग’ म्हणून जातात, तरी मदत का होत नाही? कारण त्या वाक्यात सगळं काम दुःखात असलेल्यावर टाकलेलं असतं. काय लागेल हे त्याने शोधायचं, कुणाला जमेल हे त्याने ताडायचं, आणि वर तोंड उघडून मागायचं. शिवाय असं दहा जणांनी म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, उरलेले नऊ जण बघत असतील. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा १९६८ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. दुसऱ्या खोलीत एकाला झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटलेल्यांपैकी फक्त ३१ टक्के. तेव्हा तीस जणांच्या ग्रुपवर ‘कोणी मदत करू शकेल का?’ असं लिहिलं आणि हात जोडलेल्या चिन्हांपलीकडे काही आलं नाही, तर त्यात लोकांचा दुष्टपणा शोधू नका. निरोपाची रचनाच तशी होती.

ती रचना बदलू या. समजा शस्त्रक्रियेनंतर घरी असलेल्या माणसाला दर आठवड्याला तपासणीला जायचंय. तो लिहितो, ‘सध्या जरा अवघड चाललंय, जमलं तर येऊन जा.’ येणारा येतो, गप्पा मारतो, थकवून जातो, तपासणी तशीच राहते. त्याऐवजी एकाच माणसाला, नावाने:

‘मंगळवारी सकाळी साडेनऊला मला दवाखान्यात न्यायला जमेल का? दाराशी सोडायचं आणि अकराला परत घ्यायचं, मध्ये थांबायची गरज नाही. पुढचे चार मंगळवार आहेत, एखादाच जमला तरी चालेल. नाही जमलं तर मोकळेपणाने सांग, मी दुसऱ्या कोणाला विचारतो. उद्या संध्याकाळपर्यंत कळव.’

यात काय काय आहे बघा. काम एकच आहे. त्याला सुरुवात आणि शेवट आहे, म्हणजे समोरच्याला आपण कशात अडकतोय ही भीती नाही. किती वेळा हे स्पष्ट आहे. नकाराला वाट ठेवलीय, आणि ती खरी आहे, कारण दुसऱ्याला विचारायचा बेत आधीच ठरलेला आहे. उत्तर कधीपर्यंत हवं तेही आहे. हे शेवटचं लोक गाळतात आणि मग दोन दिवस फोनकडे बघत बसतात. ज्याने नकार दिला त्याला पुढच्या महिन्यात वेगळं काम विचारायला हरकत नाही. गाडी नसलेला माणूस फॉर्म उत्तम भरत असेल.

मदतीचे प्रकार वेगळे असतात आणि चुकीच्या माणसाकडे चुकीची मागितली की दोघांचाही विरस होतो. हातांची मदत असते, माहितीची असते, पैशाची असते, आणि नुसतं ऐकून घेण्याची असते. जो मित्र प्रत्येक वाक्याला तोडगा काढतो, त्याच्याकडे ऐकून घ्यायची अपेक्षा ठेवू नका, त्याला विम्याच्या दाव्याचं काम द्या. बोलायला सुरुवात करतानाच सांगावं, ‘आज मला उपाय नकोय, दहा मिनिटं फक्त ऐक.’ विचित्र वाटतं, पण चालतं. आणि सगळं एकाच माणसावर टाकू नका, विशेषतः जोडीदारावर. धक्का त्यालाही बसलेला असतो. चार-पाच जणांत वाटलं तर कोणाचंच घर विस्कटत नाही. शक्य असेल तर एक माणूस संयोजक नेमा. बातमी तो कळवेल, कोण कधी येणार ते तो ठरवेल, आणि ‘आता भेटायला येऊ नका’ हेही तोच सांगेल.

पैशाची मदत मात्र कागदावर घ्या, सख्ख्या भावाकडूनही. रक्कम, घेतल्याची तारीख, परतफेड कधीपासून, हप्ता किती, हप्ता चुकणार असेल तर किती दिवस आधी कळवायचं. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं. पैसे बुडाल्याने तुटतात त्यापेक्षा जास्त नाती हप्ता चुकवून तोंड लपवल्याने तुटतात. आणि भेट असेल तर भेट आहे हेही लिहा.

मिंधेपणावर आणखी एक. २००० साली नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा रोजच्या नोंदींवरून अभ्यास केला. ज्या दिवशी जोडीदाराने मदत केल्याचं नोंदवलं पण परीक्षार्थीला ती जाणवली नव्हती, तेव्हा ती सर्वांत गुणकारी ठरली. जी ठळकपणे जाणवली तिची किंमत मोजावी लागली, आपल्याला जमत नाहीये ही बोच. म्हणून करणाऱ्याने मदतीचा गाजावाजा करू नये. आणि घेणाऱ्याने परत काहीतरी द्यावं, झेपेल तेवढं: मित्राच्या मुलाची इंग्रजीची वही तपासून देणं, कोणाचा अर्ज वाचून देणं. तेवढ्याने मान पुन्हा सरळ होते.

बोलण्याबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, की सगळं लगेच बाहेर काढलं पाहिजे. आपत्तीनंतर लगेच लोकांना एका बैठकीत बसवून घडलेलं सगळं सविस्तर बोलायला लावण्याची पद्धत एके काळी फार चालली. २००२ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने चाचण्या तपासल्या, तेव्हा या पद्धतीने आघातानंतरचा मानसिक त्रास टळतो असं दिसलं नाही, एका चाचणीत तर त्रास वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत सूत्र आहे ते बघा, ऐका, जोडून द्या असं. ऐका म्हणजे तो बोलेल तेवढं. खोदून विचारायचं नाही.

काही आठवडे गेल्यावर लिहिणं उपयोगी पडू शकतं. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आपल्यावर गुदरलेल्या प्रसंगाबद्दल घटना आणि भावना दोन्ही लिहायच्या होत्या. लिहिल्यावर लगेच लोकांना वाईटच वाटलं, पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. परिणाम मोठा नसतो आणि सगळ्यांना लागू पडत नाही. लिहिताना हात थरथरायला लागले, आता झेपत नाही असं वाटलं, तर थांबायचं. आणि लिहिणं किंवा बोलणं उगाळण्यात बदललंय हे ओळखायची एक खूण आहे: तेच वाक्य तिसऱ्यांदा येतं आणि त्यात नवा तपशील, नवा प्रश्न काही नसतो. तसं झालं की विषय नाही, जागा बदला. उठा, चप्पल घाला, बाहेर पडा.

वेळ पुरेसा नाही हे कधी समजायचं? उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं जवळजवळ दिवसभर, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडलेली, तर डॉक्टरांना दाखवा. भयंकर प्रसंगाची दृश्यं डोळ्यांपुढे येणं, दचकणं, त्या जागा टाळणं महिन्याच्या वर टिकलं तरी दाखवा. जवळच्याच्या मृत्यूनंतरचं तीव्र दुःख जगणं ठप्प करत राहिलं, तर त्यालाही आता निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे, मानसिक आजारांच्या अमेरिकन नियमावलीत २०२२ पासून प्रौढांसाठी बारा महिन्यांची. पण मदत मागायला ती तारीख उजाडायची वाट बघू नका. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, विशेषतः कसं करायचं हेही मनात येत असेल, तर आजच एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, एकटं राहू नका, आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन करा. ऐकणाऱ्याने ‘आत्महत्येचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना अर्ध्या पानावर लिहून न्या: काय झालं, कधीपासून काय त्रास, झोप किती तास, चालू औषधं, दारू-तंबाखू किती, पूर्वी असं झालं होतं का. समोर बसल्यावर निम्मं आठवत नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण उतरायला त्याहून जास्त लागतात, आणि मळमळीसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणून नेमक्या चुकीच्या वेळी लोक गोळ्या सोडतात. बरं वाटल्यावरही त्या सहसा किमान सहा महिने चालू ठेवतात आणि हळूहळू कमी करतात, एकदम नाही. समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर तिसऱ्या-चौथ्या भेटीत तसं सांगा किंवा बदला. त्यात कोणाचा अपमान नाही.

शेवटचं, तुमच्यापैकी जे आज मदत करणाऱ्यांच्या बाजूला आहेत त्यांच्यासाठी. पहिल्या आठवड्यात घरात बसायला जागा नसते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, प्लास्टर निघाल्यासारखं दिसतं तेव्हा, फोन वाजायचा थांबतो, आणि नेमके तेव्हाच कागद, पैसे, रिकाम्या संध्याकाळी समोर येतात. तेव्हा आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन नोंदी टाका, सहाव्या आठवड्याची, तिसऱ्या महिन्याची आणि वर्ष पूर्ण होईल त्या तारखेच्या दोन दिवस आधीची. त्या दिवशी ‘कसा आहेस?’ विचारू नका, त्याला उत्तर ‘बराय’ एवढंच येतं. असं लिहा: ‘गुरुवारी साडेपाचला येतो, पाऊण तास मोकळा आहे. खणातली पाकिटं काढून ठेव, फोडायचं काम माझं. नको असेल तर नुसतं ‘नको’ लिही.’